सकाळी दोन, संध्याकाळी एक

“पहले नाव. पूरा नाव. खुद के मुंह से.”

रबरी पट्टा दातात धरून हा गडी बोलायचा, म्हणून नवख्या माणसाला निम्मं कळायचंच नाही. हातात सुई तयार, समोर पेशंटचा दंड उघडा, मागं दारापर्यंत लाईन. तरी हा थांबणार. नाव कागदावर लिहिलेलं असायचं, नळीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं, दारातल्या शिपायानं दोनदा ओरडलेलंही असायचं. पण पेशंटनं स्वतःच्या तोंडानं, मधल्या नावासकट, आडनावापर्यंत सांगितल्याशिवाय तो शिरेला हात लावत नसे.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही कधी रक्त द्यायला गेला असाल तर तुम्हीही त्याला बघितलं असंल. उंच, काटकुळा, दाढी निम्मी पांढरी, शर्टाच्या खिशाखाली पेनाच्या शाईचा निळा डाग. तो डाग कोणत्याही शर्टावर असायचाच. रोज सिल्लोडहून मोटरसायकलवर यायचा आणि रोज माघारी जायचा. त्या जळगाव रस्त्याचं काम किती वर्षं चाललं ते तुम्हाला ठाऊक आहे. कंबर धरून उतरायचा आणि तसाच कामाला लागायचा.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. नावावरून माणूस कुणातला ते ठरवून मग पुढं वाचणारे लोक मी लई बघितलेत. बोलीवरून ओळखायचं त्यांनी ओळखावं.

मी चौथी शिकलेला माणूस. वाळूजला तीस वर्षं वेल्डिंग केलं, डोळे गेले त्यात. आता हर्सूलला घरी बसून असतो. बायको वारली. गल्लीत आणि पाहुण्यांत अजून बोलतात की तिला दवाखान्यानं अर्ध्या औषधावर ठेवलं म्हणून ती गेली. आणि त्यात ह्या माणसाचं नाव घेतात. ते खोटं आहे. खोटं आहे ते कुणीतरी कागदावर लिहिलं पाहिजे, म्हणून नातीच्या वहीची उरलेली पानं घेऊन बसलोय. शुद्धलेखन कुणी काढू नये.

तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. मग औषध सुरू करण्याआधी डॉक्टर मॅडमनी रक्त काढायला पाठवलं. तिथं ह्याची आणि तिची पहिली गाठ.

“नाव बोला अम्मा.”

“कौसल्या.”

“आगे?”

ती गप्प.

“आगे अम्मा. मिस्टर का नाम.”

ती माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली. पन्नास वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. बुद्धवंदना तोंडपाठ, मुलींना शिकवली, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं. पण नवऱ्याचं नाव म्हणलं की जीभ टाळूला चिकटायची. मी पुढं झालो. “साहेब, ती घेत नसती नाव. मी सांगतो, लिहा.”

“रक्त तुमचं काढायचंय का बाबा?”

“नाय.”

“मग तुम्ही गप बसा.”

लाईनीतली एक बाई म्हणाली, “घ्या की मावशी. लग्नात घेतलं असंल तेच घ्या.” दुसरी म्हणाली, “आमच्या जेवणाची वेळ झाली हो.” कौसल्येनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, “दवाखान्याच्या दारात लिंबाचं झाड, किसनरावांचं नाव घेते, आता सुई काढ.”

सगळी लाईन हसली. शिपाई हसला. मी हसलो, कान गरम झाले माझे. हा मात्र तसाच उभा, तोंडावर रेघ हलली नाही.

“और आडनाव?”

नंतर एकदा चहाच्या टपरीवर मी त्याला म्हणलं, एवढा ताठा कशापायी? तेव्हा त्यानं सांगितलं. तो नवा असताना एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया होत्या. ह्यानं विचारलं, अमुक का? एकीनं नुसती मान हलवली. तिच्या रक्ताच्या नळीला दुसरीची चिठ्ठी लागली. वेळेवर कुणाच्या तरी लक्षात आलं. “मेलं नाही कुणी,” तो म्हणाला. “पण मेलं असतं तर मी मारलं असतं. तवापासून मान हलवलेली मेरेकू चलत नाय.”

आता ती तपासणी कशाची ते सांगतो. मला समजलं तसं सांगतो.

मॅडम म्हणाल्या, ह्या कॅन्सरच्या गोळ्या अंगात गेल्या की आपलं यकृत त्या मोडून बाहेर टाकतं. बहुतेकांचं ते काम बरोबर चालतं. पण काही माणसांचं जन्मापासूनच हळू चालतं. आईबापाकडून येतं ते, खाण्यापिण्यानं होत नाही. अशा माणसाला सगळ्यांइतक्याच गोळ्या दिल्या तर औषध अंगात साचतं आणि विष होतं. ते आधी कळावं म्हणून रक्त पुण्याला पाठवायचं. आठ-दहा दिवस लागतील.

माझा मेहुणा, कौसल्येचा भाऊ, तिथंच उखडला. “आठ-दहा दिवस? तवर गाठ काय झोपून ऱ्हाणाराय?” मॅडमनी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं ऐकल्यासारखं केलं.

रिपोर्ट आला. तिचं काम हळू चालणारंच निघालं. मॅडमनी कागदावर लिहून दिलं: सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर, चौदा दिवस, मग एक आठवडा बंद. झेपलं तर पुढं वाढवू म्हणाल्या.

मी हो म्हणलं. आणि इथून पुढं जे झालं ते मी केलं.

सुरुवातीला ती वॉर्डात होती, तिथं शेजारच्या खाटेवर एक बाई होती. आजार तोच, वयही तेवढंच. तिचा मुलगा गाडीतून यायचा, डॉक्टरांशी इंग्रजी बोलायचा. तिला सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन. मी डोळ्यानं बघितलं. सहा गोळ्या. आणि माझ्या बायकोला तीन. तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? मी आयुष्यभर बघितलंय. कंपनीत परमनंट माणसाला हातमोजे चामड्याचे आणि आम्हाला कापडाचे. रेशनला आमच्या पिशवीत खालचा गहू. मला वाटलं, सरकारी योजनेच्या कार्डावर आलेल्या बाईला निम्मं औषध देऊन कटवलं. जन्मापासून हळू म्हणे! जन्मापासून गरीब, असं सरळ का म्हणत नाहीत?

रक्त काढणाऱ्याला मी हे बोलून दाखवलं होतं. त्यानं मान वर न करता म्हणलं, “बाजूवाले का मत देखो बाबा.” हे त्याचं नेहमीचं वाक्य. कुणी म्हणलं, त्याची साखर एवढी आणि माझी एवढी का; हा म्हणणार, बाजूवाले का मत देखो. कुणी म्हणलं, त्याची एकच नळी घेतली, माझ्या तीन का. हा म्हणणार, बाजूवाले का मत देखो. मला वाटलं हा पण दवाखान्याचाच माणूस, त्यांचीच ओढणार.

मी दवाखान्यानं दिलेली पट्टी दाखवायला घेऊन एका औषधाच्या दुकानात गेलो आणि तशाच गोळ्या आणल्या. आणि घरी तिला सकाळी तीन, संध्याकाळी तीन दिल्या. स्वतः मोजून, पाण्याचा तांब्या हातात देऊन. ती म्हणाली, “मॅडमनी तर दोन सांगितल्या व्हत्या.” मी म्हणलं, “मॅडमनी वाढवल्या.” पन्नास वर्षांत तिच्याशी मी दारूबद्दल खोटं बोललो, पत्त्यांबद्दल बोललो. पण एवढी छाती पुढं काढून कधी बोललो नव्हतो. मला वाटत होतं मी भांडतोय. आपल्या माणसाचा हक्क हिसकून आणतोय.

दहाव्या दिवशी रक्तातल्या पेशी तपासायच्या होत्या. तिला लाईनीत बसवत नव्हतं. हा म्हणाला होता, तुमचं घर माझ्या वाटेवर आहे, जाता जाता काढून नेतो. त्याच्या कामात ते बसत नव्हतं. तरी सकाळी सातला मोटरसायकल दारात आली. टाकीवर थर्माकोलचा डबा दोरीनं बांधलेला, शर्टावर धूळ. शेजारची पोरं म्हणाली, कुल्फीवाला आला.

“नाव बोला अम्मा. पूरा.”

ती काहीच बोलली नाही. मी हसून म्हणलं, “लाजायली. उखाणा जुळवायली.” तिनं नुसती मान हलवली.

त्यानं पट्टा दातातून काढला. सुई डब्यावर ठेवली. खाली वाकून तिच्याकडं बघितलं आणि शुद्ध मराठीत, हळू आवाजात म्हणाला, “अम्मा, तोंड उघडा.”

तिनं उघडलं. आत सगळे फोड. जीभ, गाल, ओठाची आतली बाजू, जागा नव्हती. दोन दिवसांपासून ती तिखट लागतं म्हणून जेवत नव्हती. मला वाटलं उष्णता झाली, मी गुलकंद आणला होता. पोट जात होतं तेही मला वाटलं उष्णतेनंच. त्यानं तिचे तळहात उलटे करून बघितले. लालभडक, सालं निघालेली.

“सकाळी किती गोळ्या?” त्यानं तिलाच विचारलं.

तिनं तीन बोटं दाखवली.

“शाम को?”

परत तीन.

मग तो माझ्याकडं वळला. माझ्या घरात, माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस माझ्यावर असा ओरडला की गल्लीतली माणसं दारात आली. “कुणी सांगितलं? किसने बोला तुमकू? मॅडमच्या कागदावर काय लिहिलंय?”

मीही ओरडलो. मी काय कमी आहे? “त्या गाडीवाल्याच्या आईला सहा आणि माझ्या बायकोला तीन कामून? गरिबाची बायको म्हणून? सांग ना!”

“ती गाडीवाली सहा पचवती! अम्मा नाय पचवत! कार्डवर नाय लिहिलंय ते, रक्तात लिहिलंय!” मग त्याचा आवाज खाली आला. “चला. रिक्षा बोलावा. आत्ताच्या आत्ता.”

रक्त त्यानं तसंच काढलं. तिला बोलता येत नव्हतं म्हणून कागद-पेन दिलं, नाव लिहून घेतलं. तिनं माझंही नाव लिहिलं. मग रिक्षाच्या पुढं मोटरसायकल घालून, हर्सूलच्या जेलपासून दवाखान्यापर्यंत, हात करकरून गाड्या बाजूला काढत तो आम्हाला घेऊन गेला.

पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. अकरा दिवस ती आत होती. सलाईन, इंजेक्शनं, तोंडाला कापूस. पहिले चार दिवस मॅडमनी मला काहीच भरोसा दिला नाही.

तिला दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हा वॉर्डाच्या बाहेर माझ्याशेजारी येऊन बसला. मला वाटलं सांगितलं असंल ह्यानं सगळ्यांना. म्हणलं, “सांगितलं का मॅडमला?”

“नाय. तुम्ही सांगा.”

“मी?”

“मॅडमला वाटतंय तिला तीनच गोळ्या दिल्या. तीनमध्ये हे हाल झाले, असं त्यांनी लिहिलं तर पुढं तिला ही दवाच बंद. मग कॅन्सरला काय देणार? तुमची इज्जत संभाळायची का अम्माची दवा, तुम्ही बघा.”

उठला आणि गेला.

मी तिथं बसून होतो. समोरच्या खिडकीचं ग्रिल कुणीतरी वेल्ड केलेलं होतं, वाईट काम. पातळ पट्टीला जास्त करंट दिलेला, जागोजागी भोकं पडलेली. मी तीस वर्षं नव्या पोरांना शिव्या घालत आलो: पत्रा बघ आणि मग मशीनचा आकडा लाव, शेजाऱ्याच्या मशीनवरचा आकडा बघून लावू नको. जाड प्लेट जेवढं सोसती तेवढं पत्रा सोसत नसतो. त्यात पत्र्याचा कमीपणा नसतो. आणि जाड प्लेटेचा करंट पत्र्याला लावून कुणी म्हणालं, मी पत्र्याला न्याय दिला, तर त्याला मी कानाखाली दिली असती.

मी उठलो आणि मॅडमच्या खोलीत गेलो. लाईन मोडून गेलो. सांगितलं. त्यांनी फाईल पुढं ओढली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” आणि फाईलवर काहीतरी खोडून दुसरं लिहिलं.

ती वाचली. महिन्याभरानं गोळ्या परत सुरू झाल्या. सकाळी दोन, संध्याकाळी एक. ह्या वेळेला डबी तिच्याकडं, मी हात लावायचा नाही, असा तिनंच कायदा केला. मी का खोटं बोललो ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “गाडीवालीशी बरोबरी करायला निघाले व्हते!” आणि हसली. पुढं कधी भांडण झालं की तेच काढायची. नळावर उशीर झाला की म्हणायची, जावा, गाडीवालीला आणा भरायला.

चौदा महिने. लोक म्हणतात, चौदाच. मी म्हणतो, तुम्ही मोजू नका. त्या चौदा महिन्यांत तिनं कुरडया घातल्या, धाकट्या नातीचं बारसं केलं, माझ्या मेहुणीबरोबर वेरूळला जाऊन आठ दिवस राहिली आणि तिथून पेरूंची पिशवी घेऊन आली. ही मेहुणी म्हणजे तिची धाकटी बहीण, लेण्यांच्या रस्त्याला पेरू विकते. त्यातले निम्मे पेरू ह्या गड्याच्या डब्यात बर्फावर बसून सिल्लोडला गेले. नाव सांगायची आता तिला सवय झाली होती. माझं नाव ती अशी जोरात म्हणायची की पाठीमागच्या लाईनीला वाटावं मी हरवलोय.

मग आजार यकृतात गेला. औषधं बदलली, तीही थकली. शेवटच्या दिवसांत तो रक्त काढायला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, “भाऊ, हा माझ्या रक्ताचा जो कागद हाय, तसलंच रक्त माझ्या भावाबहिणीत असंल का?”

“असू शकतं अम्मा. नसंल पण. तपासल्याशिवाय नाय कळत.”

“मंग त्याच्या झेरॉक्स काढून दे त्यांला. ह्यांच्या हातात देऊ नको, हे हरवतेत.”

थंडीत ती गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दारातच मांडव घालून केला. वंदना झाली, भंतेजी बोलले, माणसं जेवायला बसायच्या बेतात होती. तेव्हा हा आला. पांढरा शर्ट, त्यावरही शाईचा डाग. हातात खाकी पाकीट. हात जोडून तिच्या फोटोपुढं उभा राहिला, मग पाकिटातून कागद काढून एक मेहुण्याच्या हातात दिला. खाली त्यानं स्वतःच्या हातानं मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘ही गोळी देण्याआधी हा कागद डॉक्टरला दाखवा. आधी तपासा, मग द्या.’

मेहुण्यानं वाचलं. “हाच का तो अर्ध्या गोळीवाला?”

हा पाकिटातून दुसरा कागद काढायला लागला.

“मोठ्या लोकांला सहा आणि आमच्या बहिणीला तीन. अर्ध्या औषधावर ठेवून मारली तिला. आन आता वरून कागद वाटायलास व्हय?” त्यानं कागद फाडला. दोनदा फाडला. आणि ह्याच्या शर्टाची कॉलर धरली.

तुम्ही तिथं असता तर बघितलं असतं. ह्या माणसाच्या तोंडात एक वाक्य होतं. एकच. ते बोलला असता तर सुटला असता. चौदा महिने ते त्याच्याकडं होतं आणि त्यानं कुठं सांडलं नव्हतं. तेव्हाही सांडलं नाही. खाली बघून उभा राहिला. नाव काय, पूरा नाव काय म्हणून राजाला पण थांबवणारा माणूस, गप्प.

मी उठलो.

“सहा दिल्या व्हत्या,” मी म्हणलं. “मी दिल्या. ह्या हातानं. दहा दिवस. मॅडमला न विचारता. तवा ती मरायलाच टेकली व्हती. ह्यानं तिचं तोंड उघडून बघितलं म्हणून पुढचं सगळं झालं. कॉलर धरायची तर माझी धर.”

 माझ्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मेहुण्याचा हात खाली आला. पण तो म्हणाला, “बहीण तर गेलीच ना,” आणि न जेवता फुलंब्रीची गाडी धरून निघून गेला. मेहुणी तेवढी पुढं आली. हात पुढं करून म्हणाली, “द्या भाऊ माझा.” घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

हा जेवून गेला. मीच वाढलं त्याला. एवढंच म्हणाला, “बाबा, बोलायची जरूरत नव्हती.”

मी म्हणलं, “तू गप जेव.”

त्यानंतर त्याची आणि माझी गाठ दोन-तीनदाच पडली. दवाखान्यातलं कंत्राट बदललं, तो सिल्लोडलाच थांबला, घरीच रक्त तपासणीची खोली काढली असं कळलं. गल्लीतल्या लोकांनी मात्र मांडवातलं मेहुण्याचं बोलणं तेवढं लक्षात ठेवलं, माझं ठेवलं नाही. माणसाला जे आधीपासून मानायचं असतं त्याला पुरावा लागत नाही. म्हणून हे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात मेहुणीला शौचातून रक्त जायला लागलं. तपासलं तर तेच, आतड्याचं. मेहुण्यानं ह्या वेळेला तिला खाजगी दवाखान्यात नेलं. म्हणाला, इथं तरी पूर्ण औषध मिळंल. डॉक्टर तरुण होता, गोळ्या लिहायला घेतल्या. तेव्हा मेहुणीनं कमरेच्या पिशवीतून ती घडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरनं वाचली. पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “हे कुणी दिलं तुम्हाला?”

तिचं रक्त पुण्याला गेलं. तेच निघालं. जसं कौसल्येचं, तसंच.

मेहुण्यानं हे मला येऊन सांगितलं. दोन वर्षांनी माझा उंबरा चढला. बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, “त्या माणसाला भेटायचंय.” मी फोन लावला. त्याच्या मुलानं उचलला. म्हणाला, अब्बा गेले. चाळीस दिवस झाले. सकाळी गाडीला किक मारताना छातीत दुखलं, एवढंच.

आम्ही दोघं सिल्लोडला गेलो. मुलानं कब्रस्तानात नेलं. नुसती माती, उशाला एक दगड, त्यावर काही लिहिलेलं नाही. तिथं काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. मुलगा बाजूला झाला. मेहुणा खाली बघत होता.

मी मोठ्यानं बोललो, त्याला ऐकू जाईल असं. म्हणलं, “भाई, मेहुणीच्या गोळ्यांची तिसरी फेरी झाली. सकाळी दोन, संध्याकाळी एक. तोंड आलं नाय. भाकर खाती. पेशी चांगल्या हायेत.”

 परत येताना बाजारातून आलो, मक्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यातून वाट काढत तो पुढं आणि मी मागं. एका झेरॉक्सच्या दुकानापुढं तो थांबला. म्हणाला, “तुझ्याकडं हाय का तो कागद?”

होता. मांडवातून जाताना पाकिटातला एक तो माझ्याकडंही ठेवून गेला होता, तो मी हरवला नव्हता. काढून दिला.

दुकानदार म्हणाला, “किती?”

मेहुण्यानं बोटांवर मोजलं. स्वतः, तीन पोरं, दोन पोरी, मग त्यांची लेकरं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली. “बारा,” म्हणाला.

दुकानदारानं एक काढून बघितली. “खालचं हातानं लिहिलेलं पुसट यायलंय, काका. तेवढं कापून काढू का? छापलेलं स्वच्छ येईल.”

“हात लावू नको त्याला,” मेहुणा म्हणाला. “काळं वाढव.”